नको असलेला गर्भ, नको असलेली मुलगी : शील आणि संविधान

कोल्हापूर शहराच्या वायव्येस सतरा-अठरा किलोमीटरवर जोतिबाचा डोंगर आहे. गावाचे कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. चैत्र पौर्णिमेस येथे सासनकाठ्या नाचतात, सारा डोंगर गुलालात न्हातो आणि महाराष्ट्र-कर्नाटकातून लाखो माणसे येतात. आपण बौद्ध या यात्रेचे यात्रेकरू नव्हे. तरी याच दैवताच्या नावावरून १८२७ साली जन्मलेल्या एका मुलाचे नाव 'जोती' ठेवले गेले असे सांगितले जाते. तो मुलगा म्हणजे महात्मा जोतीराव फुले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तिघांना गुरू मानले त्यांपैकी ते एक. त्यामुळे या डोंगराशी आपला संबंध अगदीच नाही असे म्हणता येणार नाही.

परंतु ज्या पन्हाळा तालुक्यात हा डोंगर येतो, त्याचे नाव २००१ च्या जनगणनेनंतर वेगळ्याच कारणाने चर्चेत आले. शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे प्रमाण कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ इतके घसरले होते आणि पन्हाळा हा जिल्ह्यातील सर्वात खालच्या तालुक्यांपैकी होता. संपूर्ण महाराष्ट्राचे हेच प्रमाण १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ होते. कोल्हापूर हा काही उपाशी जिल्हा नाही. येथे ऊस आहे, दूध आहे, साखर कारखाने आहेत आणि राजर्षी शाहू महाराजांचा वारसा तर आहेच. म्हणजे मुली कमी झाल्या त्या दारिद्र्याने नव्हे. ज्या घरात सोनोग्राफीचे पैसे देण्याची ऐपत आली त्या घरात त्या कमी झाल्या.

या आकड्यांची चर्चा आमच्या अभ्यासवर्गात जेव्हा जेव्हा होते, तेव्हा विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. कायद्याने गर्भपात करता येतो, तर मुलीचा गर्भ पाडला की तो गुन्हा कसा? आणि तो गुन्हा असेल, तर सर्वच गर्भपात बंद का करू नयेत? शिवाय आपण तर 'प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील' ग्रहण केलेले आहे, त्याचे काय? प्रश्न सरळ आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. प्रस्तुत लेखात आपण ते थोडे विस्ताराने पाहू.

सुरुवात फुल्यांपासूनच केली पाहिजे. १८६० साली इंग्रज सरकारने भारतीय दंड संहिता केली आणि गर्भपात घडविणे हा गुन्हा ठरविला. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात एवढाच अपवाद होता. या कलमाच्या स्पष्टीकरणात असेही नमूद होते की जी स्त्री स्वतःच स्वतःचा गर्भ पाडते तीही या कलमाखाली येते. अशा काळात ब्राह्मण विधवांची स्थिती काय होती? पुनर्विवाह नाही, केशवपन सक्तीचे, आणि घरातल्याच कोणा पुरुषाने फसविले तर दिवस गेल्याची शिक्षा एकट्या तिला. कोणी विहीर जवळ करी, कोणी वैदूची जहाल औषधे घेई, कोणी जन्मलेल्या बाळाच्या गळ्याला नख लावी. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असे तेथे आश्वासन होते. तेथेच आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फुले दांपत्याने त्या विधवांना 'हत्यारी' म्हटले नाही. ज्या रूढीने त्यांना त्या टोकाला नेले तिच्याकडे बोट दाखविले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर झोड उठविली. त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. गुन्हा झाला हे त्यांनी नाकारले नाही. परंतु दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीत आरोपीच्या पिंजऱ्यात एकटीच का उभी, हा त्यांचा सवाल होता. हा सवाल आजही शिळा झालेला नाही.

यानंतर बाबासाहेबांकडे येऊ. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या विधेयकाचे त्यांनी समर्थन केले. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला, तेव्हा त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती बाबासाहेबांनी. संततिनियमनाचे नाव काढले तरी लोक कानांवर हात ठेवीत असा तो काळ होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने मांडला. ठराव फेटाळला गेला. त्या भाषणातील एक मुद्दा आमच्या मते सर्वात महत्त्वाचा आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलाला कोणताही पुरुष तयार झाला नसता, असा त्याचा आशय होता. लोकसंख्या, दारिद्र्य, बेकारी यांची चर्चा त्या भाषणात आहेच. पण जिला सोसावे लागते तिच्या बाजूने विचार करण्याची रीत त्यात आहे, आणि आपण घ्यावयाची ती हीच.

काही मंडळी या भाषणाच्या आधारे बाबासाहेब गर्भपाताचे पुरस्कर्ते होते असे सांगू लागतात. तसे करू नये. संततिनियमन म्हणजे गर्भ राहू न देणे आणि गर्भपात म्हणजे राहिलेला गर्भ काढणे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महापुरुषांच्या तोंडी आपली मते घालण्याची सवय अभ्यासकाला शोभत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सरकारपुढे आला तो हक्काचा म्हणून नव्हे, तर मरणाचा म्हणून. चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरत होत्या. केंद्र सरकारने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्याकडे दिले. समितीचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला. त्यावरून १९७१ साली वैद्यकीय गर्भपात कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून तो अंमलात आला. जगातील अनेक पुढारलेल्या देशांच्या आधी भारतात हे झाले याचा आपण अभिमान बाळगतो. पण या कायद्याची बांधणी नीट पाहिली पाहिजे. 'स्त्रीला गर्भपाताचा हक्क आहे' असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. त्यात एवढेच म्हटले आहे की ठराविक परिस्थितीत नोंदणीकृत डॉक्टराने गर्भपात केला तर तो डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही. जणू बंद दरवाजाला एक खिडकी ठेवली आणि तिची किल्ली डॉक्टराच्या हाती दिली.

ती परिस्थिती कोणती? स्त्रीच्या जिवाला धोका असेल, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचणार असेल, जन्मणाऱ्या बाळात गंभीर व्यंग असण्याचा संभव असेल, गर्भ बलात्काराचा असेल किंवा विवाहित जोडप्याचे गर्भनिरोधक साधन निकामी झाले असेल. मुदत २० आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचे मत पुरेसे झाले. बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा वा घटस्फोटित झालेल्या, अपंग अशा काही गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, आणि गर्भातील गंभीर व्यंगाबाबत वैद्यकीय मंडळाने निदान केल्यास मुदतीचे बंधन उरले नाही. 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' याऐवजी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ दिला, आणि पतीने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारच समजावी असे सांगितले.

आमच्या भगिनींनी यातील एक बाब विशेष लक्षात ठेवावी. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास कायद्याने फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही, सासूची परवानगी, वडिलांचा होकार यांपैकी काहीही लागत नाही. कित्येक दवाखान्यांत ती सही मागितली जाते, ती कायद्याने नव्हे, तर डॉक्टराच्या भीतीने. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. तिचे नाव गुप्त ठेवणे हे डॉक्टराचे कर्तव्य आहे, आणि अल्पवयीन मुलीने विनंती केल्यास पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असेही २०२२ च्या निकालात आहे.

आता संविधानाकडे वळू. अनुच्छेद २१ प्रत्येक व्यक्तीला जीविताचे व वैयक्तिक स्वातंत्र्याचे रक्षण देतो. मूल जन्माला घालावे की नाही हा निर्णय या वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुचिता श्रीवास्तव प्रकरणात म्हटले. २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा या विचाराला आणखी बळ आले. त्याआधी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने तुरुंगातील गर्भवती स्त्रियांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. तो निकाल न्या. विजया ताहिलरमानी व न्या. मृदुला भाटकर यांचा. गर्भ ठेवावा की नाही हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, तो तुरुंगाच्या दाराशी संपत नाही, असा त्याचा सारांश सांगता येईल.

याच्या उलट टोकाला गेले की काय होते याचे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. बेळगावच्या सविता हलप्पनवार या दंतवैद्यक असून पतीसह आयर्लंडमध्ये राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भपात आपोआप होऊ लागला. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होते. त्यांनी व पतीने गर्भ काढण्याची विनंती केली. परंतु गर्भाचे ठोके चालू होते म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. आयर्लंडच्या संविधानात १९८३ पासून गर्भाचा व मातेचा जीविताचा हक्क समान मानलेला होता. कागदावर समान असलेले हे दोन हक्क प्रत्यक्षात तराजूत पडले तेव्हा आईचे पारडे वर गेले. मे २०१८ मध्ये तेथील जनतेने सुमारे दोन तृतीयांश मतांनी ती तरतूद काढून टाकली, आणि त्या प्रचारात बेळगावच्या या लेकीचा फोटो भिंतीभिंतीवर होता. अमेरिकेत मात्र प्रवास उलट झाला. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला गर्भपाताचा हक्क त्याच न्यायालयाने २०२२ साली काढून घेतला. न्यायालयाने दिलेले न्यायालयच परत घेऊ शकते, हे संविधानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

एवढी पायाभरणी झाल्यावर आता मूळ प्रश्नाला हात घालू. गर्भ नको म्हणण्याचा अधिकार आहे, तर मुलगी नको म्हणण्याचा का नाही?

हा प्रश्न केवळ आमच्या विद्यार्थ्यांनीच विचारला असे नाही. मुंबई उच्च न्यायालयात तो दोनदा रीतसर मांडला गेला. २००५ साली एका दांपत्याने म्हटले की अपत्य मुलगा असावे की मुलगी हे ठरविणे अनुच्छेद २१ खालील आमचे वैयक्तिक स्वातंत्र्य आहे. न्यायालयाने ते अमान्य केले. २००७ साली दोन मुली असलेल्या दुसऱ्या एका दांपत्याने अधिक चतुर युक्तिवाद केला. साधन निकामी होऊन गर्भ राहिला तर होणारा मनस्ताप कायदा 'मानसिक इजा' मानतो. मग मुलीच होत असलेल्या आईचा मनस्ताप का मानत नाही? अनुच्छेद १४ प्रमाणे दोघींना समान वागणूक हवी. न्या. रंजना देसाई यांनी लिहिलेल्या निकालात हाही युक्तिवाद टिकला नाही. दोन कायद्यांची क्षेत्रे व हेतू भिन्न आहेत, आणि नको असलेल्या लिंगाचे अपत्य होईल या दुःखाची बरोबरी त्या मनस्तापाशी होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

आमच्या मते यातला फरक असा आहे. पहिली स्त्री स्वतःबद्दल बोलते : माझे शरीर, माझी प्रकृती, माझी परिस्थिती, मला आता मूल झेपत नाही. मूल कोण असेल याच्याशी तिला कर्तव्य नाही. दुसऱ्या ठिकाणी मूल हवेच आहे. फक्त ते मुलगी असता कामा नये. येथे निकाल दिला जातो तो गर्भवतीच्या स्थितीवर नव्हे, तर समस्त स्त्रीजातीच्या लायकीवर. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी शिकविण्याची गरज नाही. जातीच्या बाबतीत जे चीड आणते ते लिंगाच्या बाबतीत 'घरगुती प्रश्न' म्हणून खपवून घेता येणार नाही. शिवाय मुलगी नको हे कित्येकदा आईचे म्हणणेच नसते. ते तिच्या तोंडी घातलेले असते. म्हणूनच गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात, तपासणी करून घेणाऱ्या स्त्रीवर नवऱ्याने वा नातलगांनी दबाव आणला असे न्यायालयाने गृहीत धरावे, उलट सिद्ध होईपर्यंत, अशी तरतूद आहे. ताराबाईंच्या सवालाला शंभरहून अधिक वर्षांनी मिळालेले हे एक उत्तरच होय.

हा कायदा आला तोही महाराष्ट्राच्या चळवळीतून. १९८० च्या दशकात मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर व कार्यकर्ते एकत्र आले आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. तो कागदावरच राहिला म्हणून 'सेहत' व 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला.

कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात एक वेगळा प्रयोग झाला. प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण जोडायचे. यंत्रावर झालेल्या प्रत्येक तपासणीचे चित्रण त्यात साठते. गर्भवतीच्या तपासणीचा 'एफ फॉर्म' डॉक्टरने संगणकावरून पाठवायचा. मार्च २०१० मध्ये तसे परिपत्रक निघाले. क्ष-किरण व सोनोग्राफी तज्ज्ञांच्या संघटनेने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. रुग्णाच्या खाजगीपणाचा भंग होतो हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. २०११ साली न्यायालयाने आव्हान फेटाळले. त्याच वर्षीच्या जनगणनेत जिल्ह्याचे प्रमाण ८६३ झाले. वाढ झाली खरी, परंतु ती सगळी या उपकरणाची असे म्हणता येणार नाही, कारण ती मुले त्याआधीच्या सात वर्षांत जन्मलेली होती.

उपकरणाबद्दल आमचे मत मिश्र आहे. डॉक्टरवर नजर ठेवणे योग्यच, कारण कायदा मोडून पैसा करतो तो तोच. पण नजर हळूहळू गर्भवतीवर सरकते. दोन मुलींची आई तिसऱ्यांदा गरोदर राहिली की तिच्याकडे संशयाने पाहायचे, तिच्या दारावर चौकशी करायची, असे जेथे होते तेथे कायद्याचा रोख चुकलेला असतो. २०११ चा निकाल पुट्टस्वामी निकालाच्या सहा वर्षे आधीचा आहे, याचाही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी विचार करावा.

या गोंधळाचे मूळ आमच्या मते एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'स्त्रीभ्रूणहत्या'. एस.टी. स्टँडवर, दवाखान्यात, शाळेच्या भिंतीवर हा शब्द रंगविलेला असतो. हेतू चांगला, पण 'भ्रूणहत्या' म्हटले की सर्वच गर्भपात हत्या ठरतो आणि सर्वच स्त्रिया खुनी ठरतात. २०१२ नंतरच्या कडक मोहिमांत महाराष्ट्रातील अनेक औषधविक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. वास्तविक या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत वापरायच्या असतात, जेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. म्हणजे मुलगी वाचली नाहीच. ज्या बाईला कायद्याने मदत मिळायला हवी होती तिची वाट मात्र बंद झाली. वाट बंद झालेली बाई कोठे जाते? मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका होमिओपॅथी डॉक्टरकडे बेकायदा गर्भपात करताना एक तरुण विवाहिता मरण पावली. तपासात ओढ्याच्या काठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. त्या एका घटनेत दोन्ही अन्याय एकत्र आहेत. मुली नकोत म्हणणारा समाज एकीकडे, आणि अपात्र हातांत सोपविलेली बाई दुसरीकडे. म्हणून आम्ही आमच्या वर्गात 'गर्भलिंगनिवड' हा शब्द वापरतो व पहिला शब्द टाळतो.

आता शीलाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. धम्माची भूमिका गर्भाला काहीच किंमत नाही अशी मुळीच नाही. विनयपिटकात मनुष्यहत्या करणारा भिक्खू संघातून बाद होतो, आणि गर्भ पाडण्यासाठी औषध देणाऱ्या भिक्खूलाही तोच नियम लावलेला आहे. महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेसाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात असे सांगितले आहे, आणि परंपरा मानवी जीवनाचा आरंभ तेथूनच धरते. तेव्हा गर्भपात ही दात काढण्यासारखी क्षुल्लक बाब आहे असे म्हणणाऱ्याशी आम्ही सहमत नाही. ज्या स्त्रीला त्यातून जावे लागते तिलाही ते क्षुल्लक वाटत नाही.

परंतु दोन गोष्टी सोबत पाहाव्या लागतात. विनयाचा तो नियम भिक्खूसाठी आहे, उपासिकेला तुरुंगात टाकणारे ते दंडविधान नव्हे. आणि पंचशील ग्रहण करताना आपण 'समादियामि' म्हणतो, म्हणजे 'मी ग्रहण करतो'. दुसऱ्याच्या वतीने शील घेता येत नाही आणि दुसऱ्यावर ते लादताही येत नाही. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, सांगितले. जीव वाचविण्यासाठी, अत्याचारातून सुटण्यासाठी घेतलेला निर्णय आणि वंशाच्या दिव्यासाठी घेतलेला निर्णय यांतील चेतना एक नाही. कोसल देशाच्या पसेनदि राजाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. राणी मल्लिकेला मुलगी झाली हे कळताच राजाचा चेहरा उतरला. तेव्हा स्त्री पुरुषाहूनही श्रेष्ठ निघू शकते, असे भगवंतांनी त्याला समजाविले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या दरबारातला उतरलेला चेहरा आजही प्रसूतिगृहाच्या बाहेर बाकावर बसलेला दिसतो, आणि आपल्या वस्त्यांतही तो दिसत नाही असे छातीवर हात ठेवून कोणी सांगू नये.

बौद्ध देशांतही एकमत नाही. श्रीलंकेत आईचा जीव वाचविण्यापुरताच गर्भपात कायदेशीर आहे. थायलंडमध्ये तेथील संवैधानिक न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर २०२१ मध्ये कायदा सैल झाला. जपानमध्ये गर्भपात होतात आणि त्या न जन्मलेल्या बालकांसाठी विहारांत पूजाविधीही होतात. दुःख मान्य करायचे, पण बाईला वाळीत टाकायचे नाही, अशी ती रीत आहे.

आमच्या मांडणीची खरी कसोटी लागते ती व्यंगाच्या प्रश्नावर. मुलगी म्हणून गर्भ नाकारणे भेदभाव असेल, तर अपंग म्हणून नाकारणे काय? अपंगांच्या चळवळीतील कार्यकर्ते हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आहे म्हणून, मुदत उलटल्यावर परवानगी मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली. देशभर चर्चा झाली आणि मुदत वाढविण्याच्या मागणीला तेथून जोर आला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयात ३२-३३ आठवड्यांच्या गर्भवतीचे प्रकरण आले. गर्भात गंभीर व्यंगे होती, पण वैद्यकीय मंडळ उशीर झाला म्हणून नकार देत होते. न्या. गौतम पटेल व न्या. शिवकुमार डिगे यांनी निर्णय त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असे ठरविले. जन्मभर सांभाळावे लागते ते आईला, मंडळाला नाही, हे खरेच. तरीही ज्या समाजात अपंग मुलासाठी शाळा नाही, रॅम्प नाही, निवृत्तीवेतन तुटपुंजे आहे, तेथे आईचा 'स्वतंत्र' निर्णय कितपत स्वतंत्र असतो, हा प्रश्न उरतो. आम्ही निर्णय आईकडेच ठेवू. परंतु मुलीच्या बाबतीत दाखविलेली खात्री येथे आमच्याजवळ नाही.

उशिराच्या आठवड्यांत प्रश्न आणखी बिकट होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची एक आई, प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर औषधे घेत असलेली, २६ आठवड्यांची गर्भवती, सर्वोच्च न्यायालयात आली. आधी परवानगी मिळाली. मग गर्भ जिवंत जन्मू शकतो असे डॉक्टरांनी कळविल्यावर दोन न्यायाधीशांत, त्याही दोन स्त्री न्यायाधीशांत, मतभेद झाला. शेवटी तीन न्यायाधीशांनी परवानगी नाकारली, कारण गर्भ निरोगी होता आणि आईच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता. अभ्यासवर्गात या निकालावर आमच्यातच दोन तट पडले आणि ते अजून तसेच आहेत.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, म्हणजे २०२४ मध्ये, महाराष्ट्रातील चौदा वर्षांच्या एका अत्याचारपीडित मुलीचे प्रकरण पुढे आले. मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. २२ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ तीस आठवड्यांच्या गर्भास मुंबईच्या शीव रुग्णालयात गर्भपाताची परवानगी दिली. पुढे आईवडिलांना मुलीच्या जिवाची काळजी वाटू लागली, त्यांनी विचार बदलला, आणि २९ एप्रिल रोजी न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. प्रसूतीचा सर्व खर्च रुग्णालयाने करावा, कुटुंबाची इच्छा असल्यास बाळाच्या दत्तकविधानास साह्य व्हावे असे सांगितले. त्याच निकालात न्यायालयाने वैद्यकीय मंडळांना बजावले की केवळ आठवडे मोजून मत देऊ नये, गर्भवतीच्या शरीरावर व मनावर काय परिणाम होईल ते लिहावे, आणि मुलगी अल्पवयीन असली व तिचे मत पालकांच्या मताहून वेगळे असले, तरी ते मत न्यायालयापुढे आलेच पाहिजे.